आठे ये

हे तुम्ही खरं मानणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. आजवर कुणी मानलेलं नाही. नंदुरबारला मिरची वाळत घातली की वरून उडणारे कावळे शिंकत शिंकत खाली पडतात, असं मी सांगतो तेव्हा लोक माना डोलावतात. विसरवाडीच्या फाट्यावर वाऱ्याने माझं धोतर उडवलं आणि तिसऱ्या दिवशी सुरतेच्या बाजारात मीच ते परत विकत घेतलं, हेही पचतं. या गोष्टीपाशी आलो की मात्र सगळे म्हणतात, आप्पा, जरा कमी फेका.

चार वाजता मॅडम येतील, पंप वाटतील आणि तुम्ही प्लॉटवर जाल. त्याच्या आत सांगून टाकतो. तुम्हीच विचारलंत ना, की एका पंपामागे दोन-दोन पोरं का पाठवतात, आणि चौदा नंबरच्या प्लॉटमध्ये कुणी काही पेरत का नाही? मग ती पोती इकडे सरकवा, बसा, आणि मध्ये बोलू नका. विशेषतः तू, चष्मेवाल्या.

"माझं नाव रिषभ आहे."

असेना. मॅडम आल्या की सांग.

तर एक पोरगी होती, फाल्गुनी. पुण्याच्या बाहेर मोशीला वाढलेली. पुण्याची म्हणावं तर पुणेकर हसणार आणि खेड्यातली म्हणावं तर तीच रडणार, अशातली. बाप इंदरमल. मूळ मारवाडचे, जैन, तीन पिढ्या इकडेच. खता-औषधांचं दुकान. औषध म्हणजे शेतकऱ्याचं औषध बरं का. डबीवर कवटीचं चित्र, आत विष, पण दुकानात विष म्हणायची सोय नाही. औषधच म्हणायचं. पुढे नियम आला की हे औषध विकणाऱ्याकडे शेतकीचं शिक्षण हवं. इंदरमलकडे सगळं होतं, तेवढं शिक्षण नव्हतं. मोठा पोरगा कॉम्प्युटरकडे गेलेला. उरली फाल्गुनी. तिचे मार्क बेताचे, त्यामुळे जवळची कॉलेजं हातची गेली आणि तिसऱ्या फेरीत नंबर लागला तो इथे. नकाशात नंदुरबार शोधताना तिचं बोट आधी नागपूरकडे गेलं होतं म्हणतात.

विसरवाडीच्या फाट्यावर बसमधून उतरली, तेव्हा पहिली गोष्ट तिने विचारली ती जीपवाल्याला. "दादा, यात किती माणसं बसतात?"

तो म्हणाला, "जितली येतीन तितली."

पहिला महिनाभर पोरीने भिंतीवर पेन्सिलने रेघा ओढल्या. गेलेल्या दिवसांच्या नाही, राहिलेल्या दिवसांच्या. चार वर्षांचे किती होतात ते करा हिशेब, भिंत पुरेना. मोशीला हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात तिला झोप लागायची. इथली शांतता तिच्या कानात डास शिरावा तशी गुणगुणायची. नळाला पाणी वीस मिनिटं. बादलीत एकदा विंचू निघाला. तिने तो मारला नाही, कागदावर घेऊन दोन मजले खाली सोडून आली आणि मग जिन्यातच बसून थरथरली. नेटवर्क दोनच जागी होतं. एक तिच्या खोलीच्या खिडकीत, आणि दुसरं चौदा नंबरच्या प्लॉटवर, लिंबाखाली. तेही कधीकधी गुजरातचं. घरी फोन लावला की आधी फोनमधली बाई गुजरातीत काहीतरी सांगायची आणि फोन मरायचा. फाल्गुनीला वाटायचं, आपल्याला शिकायला पाठवलेलं नाही, ठेवून दिलंय. दुकानात न विकला गेलेला माल मागच्या खोलीत ठेवतात तसं.

त्यात जेवणाचे हाल. मेसमध्ये रात्रीची पंगत आठला बसायची, आणि ही सूर्य बुडाल्यावर खाणार नाही. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. तीन दिवस बिस्किटांवर काढले. चौथ्या दिवशी मेसच्या भिकुबाईने तिला दारातच अडवलं.

"काय वं, तू जेवाले का येस नही? मन्हा हातले काटा शेतस का?"

फाल्गुनीला निम्मं कळलं. तिने सूर्याकडे बोट दाखवलं, कांद्याकडे दाखवलं आणि मान हलवली. भिकुबाईने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या आत दोन भाकरी, वरण आणि बिनलसणाची भाजी वेगळी झाकून ठेवायला लागली. बाई मायाळू, पण गुडघे गेलेले. देवळाला चार पायऱ्या असल्या तर ती देवाला खालूनच हात जोडायची. होस्टेलचा जिना तिने जन्मात चढला नाही. कुणाला काही द्यायचं असलं तर खाली उभं राहून अशी हाक मारायची, की नवापूरच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबायच्या.

"आप्पा, नवापूर इथून किती लांब आहे..."

रिषभ, मध्ये बोलू नको म्हणालो ना.

फाल्गुनीच्या खोलीत दुसरी पोरगी होती काजल. तापीकाठची, शहाद्याकडच्या पाटलाची. उंच, सावळी, हसली की पुढच्या दातांतली फट दिसायची. बापाच्या शेतात दहावीपासून पंप पाठीवर घेतलेला, ट्रॅक्टर चालवलेला. तिला कशाचं भय म्हणून नव्हतं आणि अहिराणीशिवाय तोंडात दुसरी भाषा नव्हती. सरांशी बोलतानासुद्धा मराठी दोन वाक्यं टिकायची, तिसऱ्याला 'आहे'च्या जागी 'शे' यायचंच.

एका रविवारी सकाळी सातला काजलने मेसच्या दारातून खिडकीकडे बघत हाक मारली, "फाल्गे! आठे ये!"

फाल्गुनीने घड्याळ बघितलं. आठला एक तास होता. तिने केस धुतले, वाळवले आणि बरोबर आठला खाली गेली. पोहे संपले होते. काजल कमरेवर हात ठेवून उभी. "घंटाभर व्हयना तुले हाक मारीसन!"

"तूच म्हणालीस ना, आठला ये?"

मेसमध्ये जो हशा पिकला, तो भिकुबाईच्या हातातला झारा खाली पडेपर्यंत. अहिराणीत आठे म्हणजे इथे. आठे, तठे, कोठे. हे तुम्हाला माहीत आहे. नसेल तर या कॉलेजात पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतात.

सगळे हसले तसं फाल्गुनीही हसली. पण दुपारी खोलीत एकटी असताना तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. हा शब्द तिच्या घरातलाच होता. तिची दादी, प्यारीबाई, मारवाडी बोलायची. अंगणातून हाक मारायची, "अठे आव, छोरी, अठे आव." मारवाडीतही अठे म्हणजे इथेच. आणि फाल्गुनी आणि तिचा भाऊ घड्याळाकडे बोट करून ओरडायचे, "दादी, आत्ता पाचच वाजलेत, आठला येतो!" घरात पाहुणे असले की जास्तच मोठ्याने. शहराच्या कडेला वाढणाऱ्या पोरांना शहरातल्यांपेक्षा जास्त लाज असते, आजीच्या बोलीची. दादी आधी हसायची. मग नुसतीच बघायची. मग तिने हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं तर काठी आपटायची.

फाल्गुनीने ते काजलला सांगितलं. वाटलं, आता ही आपल्याला नावं ठेवील. काजल म्हणाली, "म्हंजे तुन्ही दादी आनि मन्ही माय एकच बोलतस. तू मधमाच कोठे हराई गयी?" मधल्यामध्ये तूच कुठे हरवलीस, म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींनी त्या शब्दाला दोन दारं केली. खरं दार इथे, आणि थट्टेचं दार आठ वाजता. सकाळी आठचा मेसमधला चहा म्हणजे 'आठे'. काजल लवकर उठून प्लॉटवर जायची आणि जाता जाता म्हणायची, "आठे ये." फाल्गुनी पांघरुणातूनच म्हणायची, "आठे येते." कुठल्या दाराची हाक आहे ते आवाजातल्या हसण्यावरून कळायचं. हसणं ऐकू येत होतं तोवर सगळं ठीक होतं.

भिंतीवरच्या रेघा थांबल्या. पोरीने जीपच्या मागे लटकून जायला शिकून घेतलं, मोलगीच्या बाजारातून दादीसाठी आमचूर आणलं, विंचवाला बघून थरथरायची ती बंद झाली. तुम्हाला वाटेल, चला, रुळली. मलाही तसंच वाटलं असतं.

मग प्लॉट मिळाले. तीन-तीन गुंठे, तेव्हा एकेका पोराला एकेक. काजलचा तेरा, फाल्गुनीचा चौदा. दोन्हीत कपाशी. तीस मार्क प्लॉटचे; त्यात नापास तर वर्ष गेलं. ऑगस्ट संपता संपता अळी पडली. सरांनी फळ्यावर लिहिलं, शुक्रवारपर्यंत फवारणी, नाहीतर शून्य.

आणि नेमके ते पर्युषणाचे दिवस. तुम्हा जैनांकडे असतं ना रे, रिषभ? मग सांग यांना. आठ दिवस. त्या आठ दिवसांत हिरवं पान तोडायचं नाही, अळी मारणं तर दूरच. त्यात दादीने अंथरूण धरलेलं. म्हणून फाल्गुनीने अठाई धरली होती. आठ दिवस अन्न नाही. दिवसा उकळून गार केलेलं पाणी, तेवढंच. ती सरांकडे गेली. म्हणाली, "सर, पुढच्या आठवड्यात फवारते."

सर म्हणाले, "अळीला विचारून ये, ती थांबते का."

खोलीत येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. वर्ष गेलं तर बापाच्या दुकानाचं गेलं. फवारलं तर दादीचं गेलं. काजलने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"रडस काय? मी मारसू तुन्हा प्लॉट. मन्हा तेरा मारसू तव्हय चौदाबी मारी टाकसू. तू मन्ही वही लिख."

काजलला प्रॅक्टिकलच्या वह्या लिहायचा कंटाळा आणि फाल्गुनीचं अक्षर मोत्यांचं. सौदा झाला. रात्री घरचा फोन आला, कधी नव्हे तो सरळ लागला. दादीला बोलायचं होतं. आवाज पार खोल गेलेला. तिने एवढंच विचारलं, "छोरी, जीव तर मारत नाहीस ना?"

"नाही, दादी."

"करायचं नाही. करवायचंही नाही."

फाल्गुनी पहिल्या वाक्याला हो म्हणाली. दुसऱ्या वाक्याला म्हणाली, दादी, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

आता पंपाचं. त्या काळी इथे स्टोअरवर हिलाल नावाचा एक माणूस होता. कामात आळशी, तोंडाने पटाईत. पंधरा लिटरचे पाठीवरचे पंप त्याच्या ताब्यात. काजलने आदल्या दिवशी पंप मागितला, पाणी भरून बघितलं तर झाकणापाशी गळत होता. वायसर झिजलेला. ती म्हणाली, "काका, आते बदली द्या ना." हिलाल म्हणाला, "उद्या बदलसू, पोरी." त्याला वेळ नव्हता. तो तेव्हा दोन पोरांना कावळ्यांच्या शिंकांची गोष्ट सांगत होता. काजलही थोडा वेळ थांबून ती गोष्ट ऐकत हसली, आणि तोच पंप घेऊन गेली. हातमोजे, तोंडाचे मास्क, चष्मे, सगळं स्टोअरच्या कपाटात होतं. प्लास्टिक न फाडलेलं. तपासणीला माणसं आली की दाखवायला.

या गोष्टीत पुढे मी काय थापा मारीन ते मारीन. हे वायसरचं तेवढं खरं आहे.

शुक्रवार उजाडला. अठाईचा सहावा दिवस. पावणेसहाला काजल पंप घेऊन निघाली. फाल्गुनी उशीत तोंड खुपसून होती. सहा दिवसांच्या उपासाने तिला खोली बोटीसारखी हलताना दिसायची. त्या दिवशी काजल जाता जाता 'आठे ये' म्हणाली नाही. पंप जड होता.

तिने तेरा नंबर आटपला. चौदात शिरली. कपाशी कमरेपर्यंत, वारा पडलेला, झाकणातून थेंब थेंब औषध पाठीवर. ओढणी भिजली, कुर्ता भिजला, घामात आणि औषधात फरक राहिला नाही. नोझल तुंबलं. तिने बाप करतो तसं केलं, तोंडाला लावून फुंकलं. चौदा नंबरच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा तिला उजेड कमी झाल्यासारखं वाटलं. वर बघितलं तर ऊन होतं. ती पंपासकट लिंबाखाली आली आणि बसली. तोंडातून लाळ गळायला लागली, थांबेना. मग तिने फोन काढला.

खिडकीतला फोन वाजला तेव्हा पावणेसात झाले होते. फाल्गुनीने तो कानाला लावला. आधी खरखर. मग काजल, तुटक.

"फाल्गे... आठे... आठे ये..."

फाल्गुनीने घड्याळ बघितलं आणि हसली. "हो गं बाई. आठे येते."

पलीकडून एक आवाज आला. हसल्यासारखा. घशातून निघालेला. फोन गेला.

तिला तो आवाज जरा वेगळा वाटला का? वाटला. पण सहा दिवसांच्या उपाशी माणसाला सगळंच जरा वेगळं वाटतं. तिने पांढरं वस्त्र अंथरलं, त्यावर बसली आणि सामायिक घेतलं. आता हे तुमच्यातल्या बाकीच्यांना सांगायला पाहिजे. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं. तेवढा वेळ घर नाही, दार नाही, फोन नाही, कुणाची हाक नाही. एकदा घेतलं की मध्येच उठायचं नाही. दादीने तिला वाळूचं घड्याळ दिलं होतं, लाकडी चौकटीतलं, बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटांचं. ते तिने उलटं केलं. वाळू पडायला लागली.

वाळू बोटभर पडली असेल, खिडकीत फोन थरथरला. तिने डोळे मिटले.

पुन्हा थरथरला. दगडी कट्ट्यावर फोन थरथरतो तेव्हा कसा आवाज होतो ते ऐकलंय? मोठ्या माशीसारखा. फाल्गुनीच्या मनात आलं, काजलच असणार. पाणी उकळून ठेवलंय, ये म्हणून घाई करत असेल. उठावं का? फोन चार हातांवर. पण आयुष्यात पहिल्यांदा ती दादीची एक गोष्ट नीट, पुरी करायला बसली होती. दादीच्या हाकेला आजवर ती कधी वेळेवर गेली नव्हती. आज तरी पुरं करू, म्हणाली. वाळू पडत राहिली.

तिसऱ्यांदा फोन थरथरला. थोडाच वेळ. मग थांबला.

असे काय बघताय माझ्याकडे? सांगतो ना. ऐका तर खरं पुढे.

वाळू अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती. तेवढ्यात दारात पावलं वाजली. कोण? भिकुबाई! हातात उकळलेल्या पाण्याची किटली. आत डोकावली आणि म्हणाली, "काजल आठे उनी का वं?"

काजल आठे आली का. आठे. इथे. त्या एका शब्दाने फाल्गुनीच्या डोक्यात जणू वीज पडली. तिला मघाचा फोन ऐकू आला, पुन्हा, आणि या वेळी त्यात हसणं नव्हतं. ती उठली. सामायिक मोडलं, घड्याळ लाथेने कलंडलं, वाळू आडवी झाली आणि तिथेच थांबली. वेळच थांबली म्हणा! अनवाणी पळाली. सहा दिवसांची उपाशी पोर, पण अशी पळाली, की वाटेतला मोर बाजूला झाला आणि त्याने पिसारा मिटून तिला सलाम केला. दोन मिनिटांत लिंबाखाली. काजलचे डोळे उघडे, तोंडाला फेस, श्वास अडकत अडकत. हिने तिची ओढणी काढली, डब्यातल्या पाण्याने पाठ धुतली, आणि स्वतःपेक्षा वीतभर उंच पोरगी पाठीवर घेतली. पंप घेतात तशी!

तशीच हायवेवर. समोरून नवापूरचा कोंबड्यांचा ट्रक. बाराशे कोंबड्या. फाल्गुनी आडवी उभी राहिली. ड्रायव्हरने ब्रेक असा मारला, की बाराशे कोंबड्यांनी एकदम अंडी घातली. कोंबड्यांच्या खुराड्यांवर काजलला झोपवली आणि सुटले. ट्रकपुढे बस थांबल्या, टँकर थांबले, बारशाला निघालेली एक जीप स्वतःहून शेतात शिरली आणि रस्ता दिला. दवाखान्यात डॉक्टर दारातच उभा, सुई भरून! एक इंजेक्शन दिलं, दोन दिली, दहा दिली, मोजता मोजता नर्स दमली. शेवटी काजलच्या डोळ्यांतली टाचणीएवढी झालेली बाहुली पुन्हा मोठी व्हायला लागली. आणि शुद्धीवर आल्यावर पोरीने पहिला शब्द कोणता काढला असेल?

"आठ वाजनात का?"

भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच कमी होते. बघा! आठच्या आतच!

आणि आता काजल शहाद्याला आहे. दोन पोरं आहेत. पपईची बाग आहे. पपई अशी, की एक फळ उतरवायला दोन माणसं आणि एक दोर लागतो. दातांतली फट तशीच आहे. मिरचीच्या दिवसांत इकडे येते, या पोत्यावरच बसते, आणि म्हणते, "काका, तो वायसर बदला का नही आजून?" आणि हसते. अशी हसते, की...

"आप्पा."

काय रे?

"भिकुबाई होस्टेलचा जिना कधीच चढल्या नाहीत म्हणालात ना?"

त्या दिवशी चढली.

"दोन मजले? हातात किटली घेऊन? देवळाच्या चार पायऱ्या चढत नव्हत्या म्हणालात."

अरे, माणसाच्या अंगात कधीकधी...

"आणि मेस सोडून, ऐन नाश्त्याच्या वेळी?" रिषभ आता चष्मा पुसत होता आणि त्याच्या शेजारच्या दोघी तोंडावर हात धरून हसत होत्या. "धापा टाकत नाही, भिंत धरत नाही, सरळ दारात? आप्पा, मोर ठीक आहे, कोंबड्याही ठीक आहेत. ही भिकुबाई नाही पटत."

मी म्हणालो होतो ना आधीच, की तुम्ही खरं मानणार...

"नाहीच आल्या त्या वर."

हे रिषभ बोलला नव्हता. पोत्यांवरची पोरं एकदम उठून उभी राहिली. मॅडम कधी आल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. पत्र्याच्या सावलीत उभ्या होत्या, हातात हजेरीचा कागद, पंपांच्या दोन-दोन नावांच्या जोड्या लावलेला. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. चौदा नंबरवरून येताना त्या हातात घेतात, ते पोरांनी सकाळीच पाहिलं होतं.

"बसा," मॅडम पोरांना म्हणाल्या. मग म्हाताऱ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "भिकुबाई वर आल्या नव्हत्या, हिलाल आप्पा. वाळू पुरी पडली होती. मग मी वेणी घातली, जिना उतरले, मेसमध्ये गेले, तेव्हा चुलीपाशी बसूनच विचारलं त्यांनी, काजल आठे उनी का. लिंबाखाली पोचले तोवर तिचे हात गार झाले होते. दर वर्षी तुम्ही तिला वाचवता. दर वर्षी मी ऐकून घेते. या वर्षी पोरांना खरं सांगा. मी आठलाच गेले."